वहीत तं लिवलं होतं

मागच्या महिन्यात आमच्या गेटाला रंग द्यायला पेंटर आला होता. जुना रंग खरवडत खरवडत तो कडीपाशी आला आणि थांबला. तिथे रुपयाएवढ्या जागेत लोखंडाला बारीक बारीक खड्डे पडले आहेत. "मॅडम, हे कोनं ठोकून ठेवलं? लांबी भरतो अन् सपाट करून देतो," तो म्हणाला. मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. मग माझं मलाच वाईट वाटलं. त्याला चहा दिला आणि सांगितलं, एवढी जागा सोडून बाकी सगळं रंगव. "सोडून?" त्याने विचारलं. "हो, सोडून." त्याने माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

हे खड्डे शांतवन इंगळ्यांनी पाडले. मलकापुरात आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे त्यांना शांतवनकाका म्हणत. शांतवन म्हणजे धीर देणं, समाधान देणं. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याने कुणी हे नाव सुचवलं, त्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नसावी. या माणसाने मला धीर सोडून बाकी सगळं दिलं: जांभया, डोकेदुखी, नवऱ्याशी भांडणं आणि चर्चच्या थंड फरशीवर बसून जडलेली गुडघेदुखी. आता ते नाहीत. तरी रोज पाच वाजून दहा मिनिटांनी मला आपोआप जाग येते आणि पहिला राग त्यांचाच येतो.

काका रेल्वेत चाबीवाले होते. रूळ जागच्या जागी धरून ठेवणारे लोखंडी तुकडे असतात, त्यांना रेल्वेतली माणसं चाब्या म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या ढिल्या होतात. चाबीवाल्याने रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी चालायचा, ढिली चाबी दिसली की हातोडीने बसवायची, बोल्ट सैल दिसला की पान्याने आवळायचा. जाताना एका रुळाकडे पाहत जायचं, येताना दुसऱ्याकडे. काकांनी हे काम तीसेक वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळीला आपली हद्द मानलं आणि आम्हाला चाब्या.

त्या नोकरीने त्यांची नजर कायमची खाली गेली होती. रस्त्यात भेटले तरी ते तोंडाकडे पाहत नसत, पायांकडे पाहत. माणूस चपलेवरून ओळखत. "बाई, अंगठा तुटून राह्यला तुमच्या चपलेचा," हा त्यांचा नमस्कार. खिशात एक पाना असायचा. सरकारी नव्हे, सरकारी त्यांनी शेवटच्या दिवशी मोजून परत केला होता. हा त्यांनी बाजारातून स्वतः विकत घेतलेला. दर शनिवारी ते चर्चमधल्या सगळ्या बाकांचे बोल्ट आवळायचे. एकदा त्यांनी उपदेशाचा स्टँड असा काही आवळला की पाळकसाहेबांना तो खाली करता येईना. साहेब बुटके. त्या रविवारी आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसलं आणि उपदेश ऐकू आला.

मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. त्यात चूक माझीच आहे. दरवर्षी जळगाव जामोदला आसपासच्या मंडळ्यांची उज्जीवन सभा भरते. तीन दिवस मांडव, गाणी, बाहेरगावचा उपदेशक. शेवटच्या दिवशी तो उपदेशक म्हणाला, ज्यांना रोज पहाटे देवासमोर बसायचं आहे त्यांनी उभं राहावं. मागे कीबोर्ड हळू वाजत होता. शेजारची बाई रडत उभी राहिली. अशा वेळी बसून राहायला मोठी छाती लागते आणि ती माझ्याकडे नाही. मीही रडत उभी राहिले. आमच्या मलकापूरचे अकरा जण उभे राहिले. काका मात्र बसूनच होते.

परतीच्या टेम्पोत मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काका, तुम्ही नाही उभे राहिलात?"

"मी बसूनच बरा, बाई. उभं राह्यलं का मंग उद्या जा लागते."

आम्ही सगळे हसलो. कोण कोण उभं राहिलं ते या माणसाने मोजून ठेवलंय, हे आम्हाला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी पहाटे गेटावर आवाज आला. टण् टण्. माझे यजमान प्रकाश पांघरुणातून म्हणाले, "सिलिंडरवाला आला काय?" मी बाहेर डोकावले तर डोक्याला मफलर गुंडाळलेले काका, हातात पाना. "बाई, काल उभ्या राह्यल्या होत्या ना? चला."

गेले. अकराच्या अकरा गेलो. पहिला आठवडा आम्ही अगदी पेटलेलो होतो, गाणी म्हणत परत यायचो. दुसऱ्या आठवड्यात सात उरलो. तिसऱ्यात कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं पाणी पाच वाजताच येऊ लागलं, कुणी व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा ग्रुप काढला आणि अंथरुणातूनच हात जोडलेली चित्रं पाठवू लागलं. काकांकडे बटणांचा फोन होता. त्यांना ग्रुपचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अन् मी घरून फोन केला असता का रूळ चांगला हाय म्हून, तं चाललं असतं काय?" त्या बोलण्याने दोन जण दुखावले आणि तेही यायचे थांबले. माणसं जोडण्याची कला त्यांच्यात तसूभर नव्हती. महिन्याभरात आम्ही चार उरलो आणि पावसाळ्यापर्यंत दोन: ते आणि मी.

मी काही भक्तीने टिकले नाही. माझं घर त्यांच्या वाटेवर होतं, एवढंच. रोज टण् टण्. मी आतूनच ओरडायचे, "आले, काका, आले!" त्याशिवाय ते वाजवायचं थांबवत नसत. शेजारी वैतागले, प्रकाश वैतागले, गेटाचा रंग उडाला. एकदा मी म्हटलं, काका, बेल आहे ना. ते म्हणाले, "लाइट गेली तं?"

प्रार्थना तरी कशी! ते एक अध्याय वाचणार, बोट ठेवून, एकेक शब्द. वंशावळ आली तरी सोडणार नाहीत, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. मग मंडळीतल्या एकेका घराचं नाव घेऊन तेच ते मागणं. चर्चच्या मागून रेल्वे जाते. मध्येच गाडी आली की ते थांबत, ती पूर्ण जाऊ देत आणि आमेन झाल्याबरोबर म्हणत, "भुसावळकडची आज वीस मिनिट लेट." मला राग यायचा की हा माणूस देवाकडे लक्ष देतोय की गाडीकडे.

त्यांच्या डोक्यातली सगळ्यात मोठी पीडा म्हणजे वह्या. पावसाळ्यात रेल्वेचे गस्तीवाले आपापल्या हद्दीत फिरतात. दोन हद्दी जिथे मिळतात तिथे दोघांनी भेटायचं आणि एकमेकांच्या वह्या बदलायच्या. याची वही त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. म्हणजे दोघंही खरंच शेवटपर्यंत चालले याचा पुरावा. काकांनी हीच पद्धत मंडळीत आणली. प्रत्येकाने रोज एक ओळ लिहायची, काय वाचलं, काय मिळालं. रविवारी उपासनेनंतर जोडीदाराशी वही बदलायची, वाचून खाली 'पाहिले' लिहून सही करायची आणि पुढच्या रविवारी परत द्यायची. म्हणून प्रत्येकाच्या दोन वह्या, एक हातात, एक जोडीदाराकडे.

पहिले काही रविवार चर्चच्या पायरीवर वह्यांचा बाजार भरला. मग जोड्या फुटल्या. काकांचा जोडीदार व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिक्षिका आहात, बाई. वह्या तपासायची सवय आहे तुम्हाला."

सवय होतीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चाळीस वह्यांचा गठ्ठा मी मधल्या सुट्टीत चहा पिता पिता संपवते. पान उलटायचं, बरोबरची खूण, पाहिले, सही, पुढची वही. कोणतीही शिक्षिका हे कबूल करणार नाही आणि कोणतीही शिक्षिका हे नाकारणार नाही.

माझी स्वतःची वही मी शनिवारी संध्याकाळी एका बैठकीत लिहायचे. सातही दिवस. एकदा त्यातच पकडले गेले. गुरुवारी मला बरं वाटत नव्हतं म्हणून गेले नव्हते, पण शनिवारी झरझर लिहिताना मी गुरुवारच्या पुढे लिहिलं, 'चर्चमध्ये वेदीसमोर शांत बसून प्रार्थना केली, मन भरून आलं.' रविवारी काकांनी चष्मा लावला, पायरीवरच वही उघडली आणि बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"बाई, गुरवारी कुलपात चाबी तुटली होती. चर्च उघडलंच नाई. मी हापशापाशी बसून वाचलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज वाटली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "एक दिवस लिहिलं चुकून! त्यात काय एवढं!"

ते रागावले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि सांगितलं की नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनीही असंच केलं होतं. अंगात ताप होता, पाऊस होता. हद्दीचा शेवटचा तुकडा न चालताच त्यांनी वहीत चाललो म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाला त्याच तुकड्यात सात चाब्या सलग ढिल्या सापडल्या. "काही झालं नाई. गाडी बी गेली वरून. पन मी अजून मोजतो बाई, कोन कोन बसलं असन त्या गाडीत." मग माझ्या हातात वही देत म्हणाले, "खोटं लिवन्यापरीस कोरं सोडत जा."

मी घरी येऊन प्रकाशना म्हटलं, हा म्हातारा मला नरकात घालून मगच मरेल.

त्यांची बायको मार्थाकाकू अगदी उलट. गोल, हसरी, दारात गेलं की आधी खायला देणार. त्या वर्षी त्यांचं काळजाचं दुखणं वाढलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले तेव्हा काका बाहेर गेलेले होते. काकूंनी माझा हात धरला.

"तू जातं ना वं सकाळी यायच्यासंग?"

"जाते. तुमचे हे सोडतात कुठं?"

त्या हसल्या, पण हात सोडला नाही. "आमचा पयला पोरगा गेला ना, तवा हे थांबले होते. लय वर्सं. चर्चची पायरी नाई चढले, पुस्तक नाई उघडलं, माह्यासंग बी धड बोलले नाई. थांबाले यायले एकच दिवस लागला होता, पोरी. एक दिवस नाई गेले, अन् मंग गेलेच नाई. आता या वयात थांबले तं नाई उठत. यायले एकटं पडू नको देऊ."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. हा लोखंडी माणूस आणि थांबणार? आजाऱ्याच्या समाधानासाठी म्हणतात तसं मी म्हटलं.

काकू गेल्या. संध्याकाळी दफनविधी झाला. मुलगी रिबेका नाशिकहून आली होती, ती उभी राहू शकत नव्हती. काका मात्र कबरीच्या कडेला उभे राहून खाली पाहत होते, डोळे कोरडे. आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी, टण् टण्.

मी उठले ती संतापूनच. बाहेर येऊन म्हटलं, "काका, आज तरी! काल काकूंना माती दिली आपण!"

"चला बाई, उशीर होऊन राह्यला."

चर्चमध्ये त्यांनी कालच्या पुढचा अध्याय काढला, बोट ठेवून वाचला आणि एकेका घरासाठी मागितलं. काकूंचं नाव नाही, रडणं नाही. गाडी आली तेव्हा थांबले, गेली तेव्हा आमेन म्हणाले. त्या सकाळी मी मनात ठरवून टाकलं की हा माणूस नाही, दगड आहे. मी काकूंना दिलेल्या शब्दासाठी जात राहिले, पण माझं मन त्यांच्यावरून उडालं. तेव्हापासून मी त्यांची वही उघडून वाचायची बंद केली. तशीही त्यांची अक्षरं म्हणजे मुंग्या चालल्यासारखी, पेन्सिलीने लिहिलेली, पुसट. दर शनिवारी पानाच्या तळाशी 'पाहिले' आणि सही, रविवारी परत. असं दीड वर्ष.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी थंडीत काकांना ताप आला. एका सकाळी गेट वाजलं नाही. मी आपोआप जागी झाले, पडून राहिले आणि शेवटी चिडून उठले, कारण झोप लागेना. काकांच्या घरी गेले तर ते गोधडीत कुडकुडत होते आणि उठायच्या तयारीत होते. मी त्यांना दटावून झोपवलं. "मी जाते. मी वाचते. कुठपर्यंत आलोय आपण?"

"वहीत हाय," ते म्हणाले.

त्यांची एक वही माझ्या पर्समध्येच होती. चर्चमध्ये दिवा लावला, चष्मा लावला आणि अध्याय शोधायला वही उघडली. शेवटची ओळ होती: 'वाचलं. काही नाही. तरी आलो.' तिच्या वरची: 'काही नाही. तरी आलो.' त्याच्या वरची तीच. मी पान मागे उलटलं. तेच. आणखी मागे. 'काही नाही.' 'काही नाही.' 'आज बी काही नाही.' मी मागे मागे जात राहिले, थेट काकूंच्या दफनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. तिथे लिहिलं होतं: 'मार्था नाही. वाचलं, डोळ्याले दिसलं, आत गेलं नाही. देव काही बोलला नाही. बाईच्या गेटावर वाजवलं होतं म्हून यावं लागलं. नाही तं आलो नसतो.'

खाली माझी बरोबरची खूण. पाहिले. सही.

चारेक महिन्यांनंतरच्या एका पानावर: 'बाई, तुमाले कधी असं होते काय? कोरडं. झालं असन तं लिवा.' खाली माझं पाहिले. आणि ती वही त्यांच्याकडून पुन्हा माझ्याकडे आली त्या आठवड्यात: 'बाई वाचत नाहीत वाटते. काही हरकत नाही.'

त्याच्याही खाली, ठसठशीत अक्षरात, पाहिले.

मी त्या दिवशी प्रार्थना केली नाही. करता आली नाही. मागून गाडी गेली, मी तिथेच बसून होते. मग वही घेऊन तरातरा त्यांच्या घरी गेले. मला वाटतं मी रडत होते, पण तोंडातून निघालं ते भांडणच.

"काका, हे काय आहे?"

"वही."

"दीड वर्ष! दीड वर्ष असं चाललंय आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत? रोज सकाळी भेटतो आपण. रोज! तोंडाने सांगता येत नव्हतं?"

त्यांना माझ्या चिडण्याचं खरंच नवल वाटलं. "वहीत तं लिवलं होतं," ते म्हणाले.

अशा माणसाला काय करावं? मी खाली बसले. म्हटलं, "काका, मी वाचलं नाही. एकही ओळ वाचली नाही."

"मले मालूम हाय."

"मग?"

"सही करत होत्या ना. म्हंजे वही हातात तं घेत होत्या. तेवढ्यावर चालून राह्यलो होतो."

मी विचारलं, काही मिळत नव्हतं तर रोज जात कशाला होता. ते म्हणाले, रुळावर तरी रोज कुठे ढिली चाबी सापडते, महिना महिना सापडत नाही, म्हणून काय घरी बसायचं? हे उत्तर मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं होतं. पण या वेळी ते तिथे थांबले नाहीत. गोधडीचा काठ मुठीत धरून, नेहमीसारखं खाली पाहत म्हणाले, "खरं सांगू काय बाई? मले भेव वाटते. एक दिवस नाई गेलो तं मी दुसऱ्या दिवशी बी जानार नाई. मी मले वळखतो. तुमाले वाटते मी तुमाले उठवाले येतो. मी तुमच्या गेटावर वाजवतो, तुमी 'आले' म्हनता, मंग मले वापस फिरता येत नाई."

मार्थाकाकूंनी मला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मी हो म्हणून आले होते आणि दीड वर्ष न वाचता सह्या करत होते. इतका राग मला दुसऱ्या कुणाचा कधी आला नाही, जितका त्या दिवशी माझा आला.

त्या शनिवारी मी त्यांच्या वहीत पहिल्यांदा 'पाहिले' लिहिलं नाही. लिहिलं: 'होतं काका. मलाही होतं. सभेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून काही नाही. मी तुमच्या भीतीने येते.' रविवारी पायरीवर त्यांनी ते बोट ठेवून वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे आपुन दोघं बी कोरडेच." त्यांना इतकं बरं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. तेच वाचणं, त्याच वंशावळी, तीच लेट गाडी. फरक एवढाच की मी रोजची ओळ रोज लिहू लागले आणि नसेल तर कोरी सोडू लागले. काकांच्या वहीत 'काही नाही' चालूच होतं. एकदा मात्र त्यात आलं: 'आज स्तोत्र वाचताना थोडं वाटलं. मंग गाडी आली.' मी त्या गाडीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, ते दोनदा पडले आणि रिबेका त्यांना नाशिकला न्यायला आली. त्यांनी तीन दिवस तिचं डोकं खाल्लं. कारण एकच. "बाई एकट्या पडतीन इथं." हे रिबेकाने मला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

नाशिकला ते आठ महिने जगले. रिबेकाने फोनवर सांगितलं की तिथेही ते रोज पाच वाजून दहा मिनिटांनी उठून गॅलरीच्या गजावर पान्याने दोनदा वाजवायचे आणि मग वाचायला बसायचे. सोसायटीने लेखी तक्रार केली. तिने त्यांचा पाना लपवला तर ते चमच्याने वाजवू लागले. "एक दिवस चुकले नाहीत," ती म्हणाली, "आम्ही पार वेडे झालो होतो." मी म्हटलं, मला सांगू नकोस.

पण मला त्यांची आठवण येते ती मलकापूर स्टेशनावरची, ते नाशिकला निघाले त्या दुपारची. रिबेकाने त्यांना खिडकीशी बसवलं होतं. मी वही घेऊन गेले होते. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझी वही घेतली, आपली दिली. मग चष्मा लावून, गाडी सुटायला पाच मिनिटं उरलेली असताना, हा माणूस माझी वही तपासायला बसला.

"गुरवार काऊन कोरा हाय?"

"झोपले होते."

"मी वाजवलं नव्हतं काय?"

"वाजवलं होतं. ऐकू आलं होतं. तरी झोपले."

त्यांनी त्या कोऱ्या ओळीवर बोट फिरवलं. "कोरं सोडलं. बरं केलं," ते म्हणाले आणि खाली सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली.

गाडी हलली. रिबेका हात हलवत होती. मीही हलवला. काका माझ्याकडे पाहतच नव्हते. मान खिडकीशी टेकवून ते शेजारच्या रुळाकडे पाहत होते, अंधुक डोळ्यांनी एकेक चाबी बघत. मला असा संताप आला म्हणून सांगू! इतक्या वर्षांचा सोबती, परत दिसतो की नाही याचा भरवसा नाही, आणि याला रूळ पाहायचे आहेत. मी गाडीबरोबर चालत ओरडले, "काका, इकडं पाहा! काका!"

त्यांनी मान वर केली नाही. खिशातून पाना काढला आणि खिडकीच्या गजावर दोनदा वाजवला. टण् टण्.

आणि मी, भर दुपारी, भर प्लॅटफॉर्मवर, सगळ्या लोकांसमोर ओरडले, "आले, काका, आले!"